बाहेरचं ताट

संजीवच्या घरी झेब्र्यावर बसून आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तिथून हे सगळं सुरू झालं.

झेब्रा म्हणजे त्याचं कातडं. काँडोच्या, म्हणजे त्यांच्या महागड्या फ्लॅटच्या, पांढऱ्याशुभ्र फरशीवर शेपटीसकट पसरलेलं. मला आधी ती सतरंजीच वाटली. मांडी घालून बसले, हात टेकला, तर राठ केस तळव्याला टोचले. दचकून वर पाहिलं तर टीव्हीच्या वरच्या भिंतीतून एका हरणाचं तोंड बाहेर आलेलं, काचेचे डोळे थेट माझ्या बशीकडे. इंपाला, संजीव म्हणाला, गेल्या वर्षी स्वतः मारलेला. त्याच्या एका शिंगाला दिवाळीतला आकाशकंदील अजून लटकत होता.

"माझा शनिवार असतो ना," संजीवची बायको नीता म्हणाली. "म्हणून सगळ्यांना खिचडीच केली. घे ना अजून, अनघा."

मला तोंडातलाच घास गिळवेना.

संजीव म्हणजे माझ्या नवऱ्याचा साहेब. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर त्यांच्या कंपनीचं जे काही पाइप नि टाक्यांचं काम चालतं, त्याचा हा डायरेक्टर, आणि माझा नवरा सारंग त्याच्या हाताखाली सेफ्टी बघतो. तेलाचे भाव कोसळले होते ते वर्ष. माणसं कमी करणं चाललं होतं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये रोज एखादी ओळखीची सीट रिकामी दिसते, असं सारंग घरी येऊन सांगायचा. कोण राहणार नि कोण जाणार हे संजीव ठरवत होता. त्यामुळे त्याने जेवायला बोलावल्यावर आम्ही मिठाईचे दोन दोन बॉक्स घेऊन गेलो होतो.

"जूनमध्ये परत जातोय," संजीव म्हणाला. "साउथ आफ्रिका, लिंपोपो. प्लेन्स गेम. म्हणजे सिंह-हत्ती नाही रे, माळावरची जनावरं. इंपाला, कुडू, विल्डबीस्ट, रानडुक्कर. पहिल्यांदा जाणाऱ्याने ह्यानेच सुरुवात करायची. आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये बसतं. एका कपलची जागा आहे अजून. विचार करा."

"विचार कसला त्यात?" सारंग म्हणाला. "आम्ही येतो."

आम्ही! माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

आता सारंग कसा आहे ते सांगते. सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर पाल दिसली, की हा माणूस श्रीखंडाचा रिकामा डबा आणि जुना पेपर घेऊन तिच्या मागे हिंडतो. डब्यात आली की झाकण थोडं किलकिलं ठेवतो, तिला श्वास घेता यावा म्हणून. मग लिफ्टने खाली नेऊन झुडपात सोडून येतो. झुरळ निघालं तर खुर्चीवर चढून मला हाक मारतो, आणि मी चपलेने ते मारते. मी मारत असताना तो तोंड फिरवतो. लग्न ठरलं तेव्हा त्याचा हा हळवेपणाच मला आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आणि मी? मी अलिबागकडची. आमच्याकडे मासळीशिवाय पान हलत नसे. आई सकाळी कोळणीशी कचाकचा भांडून बांगडे घ्यायची, विळीवर बसून साफ करायची, आणि आम्ही भावंडं काटेसुद्धा असे चोखायचो की मांजर आमच्या ताटाचा वास घेऊन निघून जायचं. ज्याचा जीव घेतला त्याचा कणही वाया घालवायचा नाही, असा आईचा दंडक होता. डोकं खाल्लं नाही तर दुसरा तुकडा मिळत नसे.

अशी मी लग्न होऊन पुण्यातल्या, अंड्यालाही न शिवणाऱ्या घरात गेले. सासूबाई पहिल्यांदा सिंगापूरला राहायला आल्या, तेव्हा माझा माशांचा तवा आणि माझं ताट, आईने कडेवर नाव घालून दिलेलं, दोन्ही स्वयंपाकघरातून उचललं गेलं आणि मागच्या सर्व्हिस यार्डमध्ये, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर जाऊन बसलं. आई असेपर्यंतच, सारंग म्हणाला. आई पुण्याला परत गेल्या, ताट काही आत आलं नाही. "राहू दे ना तिथेच," तो म्हणाला. "मला त्या वासाने मळमळतं, मी तरी काय करू?" भांडून भांडून मी थकले. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी यार्डात इंडक्शनवर दोन बांगडे तळते आणि दार लावून घेऊन तिथेच स्टुलावर बसून जेवते. पलीकडे कपडे वाळत असतात. तोआ पायोहला ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधल्या एखाद्या टपरीवर फिश सूप पिऊन आले, तर हा माणूस जवळ यायच्या आधी विचारतो, "दात घासलेस का?"

तो आता हरणं मारायला निघाला होता.

परत येताना एमआरटीच्या गाडीत मी विचारलं, "तू खाणार आहेस ते?"

"छे छे! काहीतरीच काय?" तो खरंच दुखावला. "मी व्हेजच राहणार. लॉजवाले आपल्यासाठी वेगळी भांडी ठेवतात. संजीवने गेल्या वर्षीच सांगून ठेवलंय त्यांना."

"खायचं नाही, तर मारायचं कशाला?"

"अगं, कोणाकोणाला काढतायत बघतेयस ना? ज्याच्याबरोबर आठवडाभर जंगलात राहिला, त्याला कोणी काढतं का?" मग म्हणाला, "आणि तुला काय एवढं त्याचं? तू तर मासे खातेस."

त्याची भीती खोटी नव्हती, ते मला समजत होतं. पण भीतीपोटी माणूस साहेबाची बॅग उचलतो, साहेबाच्या पोराला गणित शिकवतो, त्याच्या पाचकळ विनोदांना हसतो. हे काय? ज्यांनी त्याचं काही वाकडं केलं नाही अशी कुठल्या माळावरची जनावरं ह्याने मारायची, आणि ती मरून पडली की बाजूला बसून वेगळ्या भांड्यातली आमटी ओरपायची! मला शिसारी आली. गाडी वळली तेव्हा त्याचा दंड माझ्या दंडाला लागला आणि मी माझा हात आक्रसून घेतला. ठरवून नाही, आपोआप.

तेव्हा मी घाबरले. नवऱ्यावर रागावून संसार होतो, सगळ्याच बायका करतात. मीही इतकी वर्षं केलाच. पण नवऱ्याची किळस यायला लागली, तर एका टेबलाशी बसून जेवायचं कसं? एकदा ती आली की जात नाही, हे मला माहीत होतं, कारण माझ्या ताटाची आलेली किळस ह्या घरातून कधी गेली नव्हती. म्हणून सारंग जायला नको होता. हरणांसाठी नव्हे हो, माझ्यासाठी.

बजेट मीच केलं. मी अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा घरातले आकडे माझ्याकडे येतात. शिवाय मला वाटलं, बेरीज बघून घाबरेल. दहा डॉलरच्या छत्रीसाठी तीन दुकानं फिरणारा माणूस आहे हा.

दरपत्रक आलं ते हॉकर स्टॉलवरच्या फलकासारखं. एकेक जनावराचा फोटो, खाली किंमत. शिकाऱ्याचा रोजचा दर वेगळा, बंदुकीचं भाडं वेगळं. कातडं सोलणाऱ्याची बक्षिसी. मग ते कातडं औषधात बुडवून, सुकवून, बांधून पाठवायचे पैसे, आणि डोकं पेंढा भरून हवं असेल तर त्याचे मारण्याहून जास्त. सारंग माझ्या खुर्चीमागे उभा राहून बोट दाखवत होता.

"कुडू नको, फार महाग आहे. इंपाला दोन घेऊ. विल्डबीस्ट एक घेऊ."

घेऊ, म्हणे. वांगी घ्यायला निघाल्यासारखा.

"हे ऑब्झर्व्हर काय आहे?" मी विचारलं.

"ती तू. नुसतं बघणाऱ्याला दर निम्म्याहून कमी."

मी तेही लिहिलं. मग खाली बारीक अक्षरात एक अट होती, ती वाचली. गोळी लागून जनावर पळालं आणि सापडलं नाही, तरी रक्ताचा एक थेंब जरी दिसला तर पूर्ण किंमत लागू.

"मग त्याची तरतूद करून ठेव," सारंग म्हणाला. "माझा नेम काही एवढा भारी नसणार. एक जखमी धर."

"काय धरू?"

"एक जखमी. इंपालाच धर, स्वस्तातला."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. "आणि ते जनावर?"

"कुठलं?"

"पोटात गोळी घेऊन पळालेलं."

त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं आणि मला वाटलं, आठवला ह्याला श्रीखंडाचा डबा. आता म्हणेल, नको, राहू दे. मी हात कीबोर्डवरून काढून घेतला.

"ते कोल्ह्या-तरसांना जाईल गं," तो म्हणाला. "निसर्गात काही वाया जात नाही."

बेरीज भली मोठी झाली. पण सारंग घाबरला नाही, त्याने काटकसर सुरू केली. डोकं रद्द, आपल्याकडे भिंत कुठेय. नुसतं कातडं आणू. विमानाची तिकिटं सेलमधली, परत न होणारी, पण किती वाचले बघ. लवकर डिपॉझिट भरलं तर पाच टक्के सूट, म्हणून त्याच रात्री भरून टाकलं. दोन दिवस त्या पाच टक्क्यांचंच कौतुक चाललं होतं.

मग सराव सुरू झाला. सिंगापुरात बंदूक मिळायची कुठून? आमच्या ब्लॉकमध्ये खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला लांब बांबू असतात. त्यातले तीन ह्याने आत आणले, वरच्या टोकाला नाडीने बांधून तिकाटणं केलं, त्यावर मॉपचा दांडा टेकवला आणि एक डोळा मिटून रोज संध्याकाळी फ्रिजवर नेम धरू लागला. फ्रिजवर इंपालाचं चित्र होतं, आडवं उभं असलेलं, आणि पुढच्या पायाच्या वर हृदय कुठे असतं ते लाल रंगात दाखवलेलं. ते हृदय बाजूला सरकवून मला दही काढावं लागायचं. ओले कपडे तेव्हापासून खुर्च्यांवर.

आमची ऋचा पंधरा वर्षांची. ती एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "बाबा, सो ग्रॉस लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू कान्ट इव्हन किल कॉक्रोच."

"ही लांबून मारायची असतात," सारंग म्हणाला.

एवढं सगळं झालं तरी माझी एक आशा शिल्लक होती. मार्चमध्ये सासूबाई यायच्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या विमानाची वाट बघितली. त्यांच्यापुढे ह्याचं काही चालणार नाही, ज्यांनी माझा तवा बाहेर काढला त्या ह्याची बंदूक काय घरात येऊ देणार!

"शिव शिव शिव!" चित्र बघून त्या म्हणाल्या. "सारंगा, आपल्या घरात? अरे, तुझे आजोबा ढेकूण उचलून गॅलरीत सोडायचे."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मग सारंग त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेला आणि नोकरीचं, बसमधल्या रिकाम्या सीटचं, संजीवचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून आल्या, तेव्हा चेहरा उजळलेला.

"मी बोलले गुरुजींशी," त्या म्हणाल्या. "राजेलोक करायचेच की मृगया. आणि शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलंय, उगाच नाही सांगितलेलं. येताना दोन दिवस पुण्याला उतरा. प्रायश्चित्ताचा विधी, उदकशांत, अकरा ब्राह्मण जेवायला. गुरुजींच्या तारखा हल्ली मिळत नाहीत, म्हणून मी धरूनच ठेवली. अर्धे पैसे आधी पाठवा म्हणालेत."

"अहो आई, अजून कोणी कोणाला मारलेलं नाही."

"अगं, म्हणूनच. आधी ठरवलेलं बरं."

सारंगने तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले आणि मला म्हणाला, "शीटमध्ये एक ओळ घाल." मी घातली. जखमीच्या खाली शांत.

मग दोघं मायलेक तो फोटोंचा कागद घेऊन बसले. रानडुक्कर नको, वराह हा अवतार आहे. विल्डबीस्ट नको, गाईसारखं दिसतं तोंडावरून. मधे एकादशी येते, त्या दिवशी बंदुकीला हात लावायचा नाही, तेव्हा गाडीतून नुसतं फिरून यायचं. आणि वटपौर्णिमेच्या आत अनघा घरी हवी. राहता राहिला इंपाला.

"हरणाला काही हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "उलट कातडं आणशील ते उपयोगीच पडेल. मृगाजिन पवित्र असतं. देवघरासमोर आसनाला होईल."

माझा तोल सुटला. "म्हणजे माझं बांगड्याचं ताट वॉशिंग मशीनवर, आणि मारलेल्या हरणाचं कातडं देवासमोर?"

"खाणं वेगळं आणि हे वेगळं," त्या शांतपणे म्हणाल्या. सारंग मान डोलावत होता. त्या दिवसापासून मी संध्याकाळचं जेवण ऋचाबरोबर आधीच उरकायला लागले. भूक लवकर लागते म्हणून सांगितलं. सारंगला ते खरं वाटलं, हेही माझ्या डोक्यात गेलं.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी नीताचा फोन आला. रडत होती. संजीवला काढलं. त्याने दुसऱ्यांची नावं दिली होती, वरून कोणीतरी त्याचं दिलं. सकाळी बोलावलं, पास काढून घेतला, खोक्यात सामान भरायला लावलं. आता पुण्याला परत जायचं, काँडो सोडायचा, जूनचं सगळं रद्द. मी मनापासून तिची समजूत घातली. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "अनघा, तुला झेब्रा हवाय का गं? कंटेनरमध्ये आणखी काही मावत नाहीये."

मी नको म्हटलं.

संजीवच्या जागी एक चिनी बाई आली. तिने पहिल्याच आठवड्यात सारंगला बोलावलं, त्याच्या साइटवर इतक्या वर्षांत एकही मोठा अपघात नाही म्हणाली, आणि त्याला बढती देऊन टाकली. नोकरी राहिली, पगार वाढला. हरणांशी त्या बाईचं काही देणंघेणं नव्हतं. सारंग बातमी घेऊन घरी आला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुद्दाम लक्ष देऊन बघितलं, हात आक्रसला नाही. मला हायसं वाटलं. आपला नवरा आपल्याला परत मिळाला, असं वाटलं. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जेवले, त्याला आवडतात तसे उकडीचे मोदक करून, वर साजूक तूप घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरचं चित्र काढून टाकलं. तिकाटण्याची नाडी सोडली, तिन्ही बांबूंवर चादरी घालून खिडकीबाहेर लावल्या. मॉप पुन्हा फरशी पुसायच्या कामाला लागला.

संध्याकाळी सारंग खाली जाऊन फळं घेऊन आला आणि स्वयंपाकघरात थबकला. सासूबाई टेबलाशी बसून भाजी निवडत होत्या.

"बांबू का सोडलेस?" त्याने विचारलं.

"आता कशाला लागतात?"

"अगं, तीन आठवड्यांवर आलंय. सराव नको का?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलेसुद्धा. "संजीव गेला ना?"

"संजीव गेला म्हणून काय झालं? डिपॉझिट परत मिळत नाही. मी मेल करून विचारलं, चक्क नाही म्हणाले. तिकिटं तर तसलीच आहेत. तुझेही भरलेत. एवढे पैसे काय वाया घालवायचे?"

"सारंग, तुला मारायचंय का ते हरीण?"

तो खुर्चीवर बसला. पिशवीतली पपई काढून उगाच हातात फिरवत राहिला. "खरं सांगू? नाही. मला विचार करूनच कसंतरी होतं. परवा स्वप्नात आलं, नुसतं बघत होतं माझ्याकडे. पण आता भरलेत ना. दोन गोळ्या मारायच्या नि यायचं."

"आणि गुरुजींना दिलेत त्याचं काय?" सासूबाई भाजीतून मान वर न करता म्हणाल्या. "त्यांनी माणसं सांगून ठेवलीयत. पापच केलं नाही, तर प्रायश्चित्त कशाचं करायचं?"

"तेच म्हणतोय मी," सारंग म्हणाला.

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. दोघंही गंभीर होते. भाजीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे, सगळं नीटनेटकं चाललं होतं.

ह्या माणसाला शिकारीची हौस असती तर मी त्याच्याशी भांडले असते. भूक असती तर मीच मसाला वाटून दिला असता. भीती होती तोवर मी त्याची कीवसुद्धा केली. आता ह्याच्यापाशी हौस नव्हती, भूक नव्हती, भीतीही उरली नव्हती, उलट जनावर स्वप्नात येऊन उभं राहत होतं, आणि तरी हा जाणार होता, कारण पैसे भरले होते. माझी आईसुद्धा वाया घालवायचं नाही म्हणायची. ती माशाबद्दल म्हणायची. हा डिपॉझिटबद्दल म्हणत होता. मला त्याच्या हातातल्या पपईचीसुद्धा घाण वाटायला लागली. दंड आक्रसला होता तेव्हा वाटली तशी भीतीही आता वाटली नाही. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी यार्डात गेले आणि फळीवरून माझं ताट आणि तवा उतरवला. तव्यावर साबणाच्या पावडरीचा थर बसला होता. दोन्ही सिंकमध्ये घालून घासली, पुसली. ताटाच्या कडेवर आईने घालून घेतलेलं माझं नाव अजून नीट वाचता येत होतं. मग मांडणीतलं सारंगचं ताट काढलं, त्याची वाटी आणि भांडं काढलं, आणि ते बाहेर नेऊन त्या फळीवर ठेवलं. माझं ताट त्याच्या रिकाम्या जागी ठेवलं. जागा बरोबर तेवढीच होती.

सासूबाई हातातली जुडी तशीच धरून बघत होत्या.

कुकर झाला. मी पानं मांडली. सासूबाईंचं, ऋचाचं, माझं. ऋचा कानातले इअरफोन काढून येऊन बसली. सारंग हात धुऊन आला, टेबलाशी उभा राहिला.

"माझं ताट?"

"बाहेर," मी म्हटलं. "वॉशिंग मशीनवर. स्टूल पण आहे तिथे. दार लावून घे."

"अगं," सासूबाई म्हणाल्या. "अगं, पण त्याने अजून काही केलंय का?"

"म्हणूनच, आई," मी म्हटलं. "आधी ठरवलेलं बरं."

आणि मी माझ्या ताटात भात वाढून घेतला.